२००८ च्या जागतिक आर्थिक अरिष्टानंतर चीनच्या हाती नेमके काय आले?

"२००८ च्या अरिष्टामुळे जगाची आर्थिक सत्ता अमेरिकेकडून चीनकडे गेली, हे कितपत खरे?" असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते उत्पादन आणि कच्च्या मालाची मागणी या दोन्हींचे केंद्र चीनकडे सरकले. चलनावरची हुकमत मात्र अमेरिकेकडेच राहिली, किंबहुना त्या अरिष्टात ती अधिक घट्ट झाली.

चीनची भरारी २००८ साली सुरू झालेली नाही. डिसेंबर २००१ मध्ये तो जागतिक व्यापार संघटनेत आला आणि त्यानंतर पाश्चात्त्य ग्राहकांना माल विकून मिळालेल्या डॉलरांचा मोठा भाग त्याने अमेरिकी सरकारच्याच रोख्यांत गुंतवला. लेहमन ब्रदर्स या बड्या अमेरिकी गुंतवणूक बँकेने दिवाळखोरीचा अर्ज केला त्याच महिन्यात, सप्टेंबर २००८ मध्ये, जपानला मागे टाकून तो अमेरिकी सरकारचा सर्वांत मोठा परदेशी धनको झाला. ज्या गिऱ्हाइकाला उधारी दिली त्याचेच दिवाळे निघण्याची वेळ यावी, तशी ही अवस्था होती. २००९ मध्ये चीनची निर्यात सुमारे १६ टक्क्यांनी घटली आणि सुमारे २ कोटी स्थलांतरित मजुरांचे काम गेल्याचे चिनी अधिकाऱ्यांनीच सांगितले. आपल्याकडच्या चर्चेत हा भाग बहुधा गाळलाच जातो.

या धक्क्याला बीजिंगने दिलेले उत्तर निर्णायक ठरले. ९ नोव्हेंबर २००८ रोजी ४ लाख कोटी युआनची, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे ५८६ अब्ज डॉलरची योजना जाहीर झाली. त्यात केंद्र सरकारचा वाटा एक तृतीयांशाहूनही कमी होता. उरलेला भार स्थानिक सरकारे आणि सरकारी बँका यांच्यावर पडला. स्थानिक सरकारांना थेट कर्ज काढण्यास सर्वसाधारणपणे मनाई असल्याने त्यांनी स्वतःच्या गुंतवणूक कंपन्यांच्या नावावर, बहुतेकदा जमिनीच्या तारणावर, कर्जे उचलली. २००९ या एका वर्षात बँकांनी ९ लाख कोटी युआनहून अधिक नवी कर्जे दिली. अमेरिकेची अर्थव्यवस्था आकुंचन पावत असताना चीन ९ टक्क्यांच्या आसपास वाढला, तो या कर्जावर उभारलेले रेल्वेमार्ग, महामार्ग आणि घरबांधणी यांच्या जोरावर.

एवढ्या बांधकामासाठी लागणाऱ्या पोलादाने आणि तांब्याने चीनला जगातील कच्च्या मालाचा सर्वांत मोठा खरेदीदार बनवले. ब्राझीलचा सर्वांत मोठा व्यापारी भागीदार म्हणून २००९ मध्ये अमेरिकेच्या जागी चीन आला. गोव्यातील वाचकांना तर हे निराळे सांगायला नको. तिथले कमी प्रतीचे लोहखनिज घ्यायला दुसरे गिऱ्हाईक फारसे नव्हते. चिनी कारखाने ते चांगल्या खनिजात मिसळून वापरत. २०१२ मध्ये बेकायदा उत्खननाच्या प्रकरणात बंदी येईपर्यंत मांडवी आणि झुआरी या नद्यांतून खनिजाचे बार्ज भरभरून चालत, ते प्रामुख्याने याच मागणीवर.

पुढचे टप्पे सर्वपरिचित आहेत: २००९ मध्ये जर्मनीला मागे टाकून सर्वांत मोठा निर्यातदार, २०१० मध्ये जपानला मागे टाकून दुसरी मोठी अर्थव्यवस्था आणि २०१४ च्या सुमारास क्रयशक्तीच्या मापाने (म्हणजे देशोदेशींच्या किमतींतला फरक जमेस धरून) पहिली. संस्थांच्या पातळीवर मात्र सत्तांतर रखडतच झाले. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीतील सदस्य देशांच्या मतांच्या फेरवाटपावर २०१० मध्ये सहमती झाली, पण अमेरिकी काँग्रेसने तिला डिसेंबर २०१५ पर्यंत मंजुरी दिली नाही. आशियाई पायाभूत सुविधा गुंतवणूक बँक चीनने पुढे रेटली, त्यामागे या दिरंगाईचाही हात होता. त्या बँकेत भारत दुसऱ्या क्रमांकाचा भागधारक आहे, हे लक्षात ठेवावे.

आता चलनाविषयी. अरिष्ट अमेरिकेत उद्भवले, तरी घाबरलेले भांडवल धावले ते डॉलरकडेच. मार्च २००९ मध्ये चिनी मध्यवर्ती बँकेचे गव्हर्नर चौ श्याओछ्वान यांनी कोणत्याही एका देशाशी न बांधलेले राखीव चलन (देश आपला परकीय साठा ज्यात ठेवतात ते) असावे, अशी मांडणी केली. परंतु डॉलरची प्रत्यक्ष टंचाई भासली तेव्हा युरोपपासून दक्षिण कोरियापर्यंतच्या मध्यवर्ती बँकांना तो पुरवला अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने, फेडरल रिझर्व्हनेच. युआन २०१६ मध्ये नाणेनिधीच्या हिशेबी एककामागील निवडक चलनांच्या समूहात आला खरा, तरी जगाच्या परकीय चलनसाठ्यातील त्याचा वाटा अजून दोन-तीन टक्क्यांच्याच घरात आहे आणि डॉलरचा निम्म्याहून अधिक. कारण उघड आहे: जे भांडवल देशाबाहेर मुक्तपणे नेता येत नाही, ते तिथे साठवायला परका माणूस कचरतो. २०१५ मध्ये युआनचे अवमूल्यन होताच भांडवल बाहेर जाऊ लागले, तेव्हा बीजिंगने निर्बंध आणखी आवळले.

२००९ च्या कर्जाची किंमतही चीनला नंतर मोजावी लागली. एव्हरग्रांड ही गृहबांधणी कंपनी २०२१ मध्ये कर्जफेडीत चुकली आणि बांधकामावर चालणारी वाढ मंदावली. तेव्हा अमेरिकेच्या सुमारे तीन चतुर्थांश असलेली चीनची अर्थव्यवस्था, डॉलरमध्ये मोजल्यास, आता दोन तृतीयांशाच्या आसपास आली आहे. त्यात विनिमयदराचाही भाग आहे. घरांची मागणी आटल्यावर भर पुन्हा कारखान्यांवर आला. २०२४ मध्ये चीनचे व्यापारी आधिक्य, म्हणजे आयातीपेक्षा जास्त झालेली निर्यात, सुमारे १ लाख कोटी डॉलरवर पोहोचले आणि त्याच वर्षी अमेरिकेने चिनी विद्युत मोटारींवर १०० टक्के आयातशुल्क लावले, तर युरोपीय संघानेही जादा शुल्क आकारले. म्हणजे गिऱ्हाईक मिळवण्यासाठी चीन आजही बाहेरच्या बाजारांवर अवलंबून आहे, आणि यातले सर्वांत मोठे बाजार आपली दारे हळूहळू ओढून घेत आहेत.