घरचं बियाणं चुलतभावाला दिलं तर केस होते का?

प्रश्न : गेल्या वर्षी कंपनीचं सोयाबीन पेरलं. त्यातलंच बियाणं ठेवलंय आणि चुलतभावालाही दोन पोती द्यायची आहेत. दुकानदार म्हणतो, वाण नोंदणीकृत आहे, केस होईल.

उत्तर : खुशाल द्या, पैसे घेऊन दिलंत तरी चालेल. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ मधलं कलम ३९ नीट वाचलं, तर संरक्षित म्हणजे नोंदणीकृत वाणाचंही बियाणं राखणं, पेरणं, अदलाबदल करणं, विकणं हा शेतकऱ्याचा हक्क आहे. बंदी एवढीच की ब्रँडच्या नावाने, लेबल लावून विकायचं नाही.

दुकानदाराने घातलेली भीती नवी नाही. २०१९ मध्ये चिप्स बनवणाऱ्या पेप्सिकोने गुजरातमधल्या काही बटाटा उत्पादकांवर आपल्या एफएल २०२७ या नोंदणीकृत वाणासाठी दावे ठोकले. चौघांकडे तर प्रत्येकी कोटीच्या वर भरपाई मागितली होती. देशभर ओरड झाली आणि मे महिन्यात कंपनीने दावे मागे घेतले. पुढे २०२१ मध्ये त्या वाणाची नोंदणी रद्द झाली, पण दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने जानेवारी २०२४ मध्ये तो निर्णय फिरवला. तरीही कलम ३९ जागच्या जागी आहे. कंपनीची नोंदणी आणि तुमचा हक्क एकाच कायद्यात शेजारी-शेजारी लिहिलेले आहेत.

भावाला देण्याआधी शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण मात्र बघा. सत्तरच्या वर आले तर निर्धास्त द्या. पोती आपटू नका, सोयाबीनचं साल फार नाजूक असतं.

प्रश्न : बीटी कपाशीची सरकी पुन्हा पेरता येत नाही, ती पेटंटमुळेच ना?

उत्तर : नाही. आपल्या पेटंट कायद्याचं कलम ३(जे) बियाण्यावर, वाणावर पेटंट देतच नाही. बीटीचं जनुक आणणाऱ्या मोन्सँटोचा नुझिवीडू या बियाणे कंपनीशी झालेला वाद त्या जनुकाच्या पेटंटचा होता. तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२१ मध्ये आपसात मिटला. तुमची अडचण संकराची आहे. संकरित कपाशीची सरकी पेरली की झाडं एकसारखी येत नाहीत आणि उत्पादन घसरतं, म्हणून दर हंगामाला नवं पाकीट घ्यावं लागतं. बीटीचे सरळ वाण, म्हणजे संकर नसलेले, सरकी पुन्हा पेरता येणारे, गावोगाव पोचले असते, तर हा खर्च पुष्कळ वाचला असता. सरकारी संशोधन संस्थांनी इथे अधिक जोर लावायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : बियाणं उगवलंच नाही. विक्रेता पावसाला दोष देतो.

उत्तर : आजच तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. पंचनामा होईपर्यंत शेत मोडू नका. पावती, टॅग, रिकामी पिशवी आणि उरलेलं मूठभर बियाणं जपून ठेवा. बियाणं घेणारा शेतकरी ग्राहकच आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सांगितलंय, त्यामुळे ग्राहक आयोगाचं दारही उघडं आहे.