खेळातली शिस्त ऑनलाइन व्यवसाय वाढवायला खरंच उपयोगी पडते का?

तुम्ही लिहिलंय की कॉलेजपर्यंत खो-खो खेळलात, आता घरून मसाले-लोणची इन्स्टाग्रामवर विकता, फॉलोअर वाढताहेत पण हातात पैसा दिसत नाही. खेळातलं काही इथे कामाला येईल का, असा तुमचा प्रश्न. येईल. पण "जिद्द सोडू नका" हे तुम्हाला कुणीही सांगेल, त्यासाठी खेळाडू असायची गरज नाही. मला खेळाचे नियम जास्त उपयोगी पडले.

माझा खेळ कबड्डी. रायगडात वाढलेल्या पोराला खेळ निवडावा लागत नाही. गावच्या मंडळाकडून नऊ वर्षं डावा कोपरा सांभाळला, गरज पडली की चढाईलाही जायचो. आता मी आणि माझी बायको पेणचे पोह्याचे पापड, मिरगुंडं आणि कडवे वाल ऑनलाइन विकतो.

कबड्डीत चढाईला 30 सेकंद असतात. त्यात तुम्ही दोघांना शिवलं, मैदानाभोवती आरडाओरडा झाला, आणि मध्यरेषा हातभर लांब असताना घोटा सापडला, तर ते दोघे मैदानातच राहतात आणि बाहेर तुम्ही जाता. शिवण्याला गुण नाही, शिवून परत येण्याला आहे. आमचे सर सरावात चढाई संपल्यावर एकच विचारायचे, "आलास का?" किती जणांना शिवलं ते त्यानंतर.

हे मला माहीत होतं, तरी धंद्यात विसरलो. पहिल्याच दिवाळीला जाहिरातीवर पैसे घातले आणि आठवड्यात शंभरावर ऑर्डरी आल्या. बहुतेक कॅश ऑन डिलिव्हरी. घरात आनंदीआनंद, सासूबाई आणि दोन शेजारणी पॅकिंगला बसल्या. पंधरा दिवसांनी पार्सलं परत यायला लागली. कुणी फोन उचलला नाही, कुणाचा पत्ता अर्धवट, कुणी दारातून "नको" म्हणालं. जवळजवळ तिसरा हिस्सा परत आला. जाण्याचं भाडं गेलं, येण्याचंही आमच्याच माथी, आणि खोक्यात पापडांचा चुरा. मी ऑर्डरी मोजत बसलो होतो, म्हणजे नुसतं शिवलेलं मोजत होतो.

तेव्हापासून आमच्या वहीत ऑर्डरीचा रकाना पेन्सिलने भरतो आणि पैसे खात्यात आले की पेनाने. महिन्याचा हिशोब फक्त पेनाचा. कॅश ऑन डिलिव्हरीच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला माल निघण्याआधी बायको फोन करते: "ताई, पापड उद्या निघताहेत, घरी कुणी असेल ना? जवळची खूण सांगा." दोन मिनिटांचं काम आहे. ज्याला घ्यायचंच नसतं तो तिथेच गळतो. आधी यूपीआयने पैसे भरणाऱ्याला वीस रुपये सूट देतो, कारण परत येणाऱ्या पार्सलाचा खर्च त्याच्या कितीतरी पट होतो. खोकं बंद केलं की नमुन्याचं एक कमरेइतक्या उंचीवरून चार वेळा फरशीवर टाकून बघतो. आत पापड मोडला तर कागदाचे बोळे आणखी भरायचे.

दुसरी गोष्ट तिसऱ्या चढाईची. प्रो कबड्डी बघत असाल तर माहीत असेल, लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. मी कोपऱ्यात उभा राहून सांगतो, बचाव करणाऱ्याला त्यासारखं सुख नाही. समोरच्याला आत यावंच लागणार हे ठाऊक असतं, आपण फक्त वाट बघायची. महिनाअखेरीला घरभाडं थकलंय म्हणून "आज शेवटचा दिवस, 40 टक्के सूट" असं टाकलं की गिऱ्हाइकाला तसाच आपला नाइलाज दिसतो. एकदा दिसला की पुढच्या महिन्यात तेही सूट निघेपर्यंत थांबतात. म्हणून ती वेळच येऊ द्यायची नाही. रिकाम्या चढाया जरूर करा. आई वाल कसे सोलते, पापड कोणत्या उन्हात घातले, अशा पोस्टनी विक्री होत नाही, पण कोण काय विचारतं ते कळतं. दोन महिन्यांचा खर्च मात्र बाजूला ठेवा, म्हणजे तिसरी चढाई गळ्याशी येत नाही.

स्पर्धकांची भीती वाटते असंही तुम्ही लिहिलंय. आशियाई स्पर्धेत 1990 साली कबड्डी आली, तेव्हापासून 2014 पर्यंत पुरुषांचं प्रत्येक सुवर्ण भारताचं. 2018 ला जकार्तात इराणने आपल्या पुरुषांना उपांत्य फेरीत हरवलं आणि महिलांना अंतिम फेरीत, 27-24. त्या इराणी मुलींच्या प्रशिक्षक होत्या आपल्या नाशिकच्या शैलजा जैन. त्या रात्री वाईट वाटलं आणि अभिमानही वाटला. खेळ आपल्या मातीतला म्हणून गुण मिळत नाहीत, तसंच "पेणचे अस्सल" लिहिल्याने पापड खपत नाहीत. तुमची पाककृती कुणीतरी उचलणारच. फोन, पॅकिंग, वेळेवर पोचवणं हे रोज नीट करणारा पुढे जातो, मग तो कुठलाही असो.

एका बाबतीत मात्र खेळ बाजूला ठेवा. गिऱ्हाईक समोरचा संघ नाही. "गिऱ्हाईक पकडायचं" ही भाषा मी घरात बंद केली, कारण तसं बोललं की फोनवरचा आवाजही तसाच होतो.

आज रात्री गेल्या 50 ऑर्डरी काढा. परत किती आल्या, कुठल्या पिनकोडवरून आणि का, एवढं कागदावर उतरवा. तो कागद समोर असेपर्यंत जाहिरातीवर एक रुपयाही घालू नका. आकडे इथे लिहिलेत तर मी बघून सांगेन.