नाट्यगृहांशिवाय झाडीपट्टीची व्यावसायिक रंगभूमी इतकी वर्षं कशी टिकली?

तुम्ही विचारलंय की शहरात व्यावसायिक नाटकाला प्रेक्षक नाही अशी ओरड असताना झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या खेड्यांत, तिकीट लावलेली नाटकं रात्रभर, एवढ्या गर्दीत कशी चालतात, हे सगळं आलं कुठून, आणि बाहेरच्या माणसाने बघायला कधी यावं. मी ब्रह्मपुरी तालुक्यातला. आमच्या गावच्या नाट्य मंडळाचा हिशेब बरीच वर्षं माझ्याकडे आहे, म्हणून आधी पैशाचं सांगतो. या रंगभूमीचा जीव मला तिथेच दिसतो.

इथल्या नाटक कंपन्यांची कार्यालयं वडसा या गावी आहेत. वडशाची कंपनी गावात येऊन स्वतः तिकीट विकत नाही. गावातलं मंडळ दिवाळीच्या आधीच वडशाला जातं, कोणत्या कंपनीचं कोणतं नाटक आणि त्यात कलाकार कोण, हे पाहून एक रात्र ठराविक रकमेला ठरवतं आणि इसार देऊन येतं. कंपनी तयार नाटक आणते: कलाकार, वादक, पडदे, दिवे, बहुतेक वेळा रंगमंचसुद्धा. बाकी सगळं गावाच्या अंगावर. शामियाना, पोलिसांची परवानगी, तिकिटं आणि पोस्टर, भोंगा लावून आसपासच्या गावांत फिरणारी गाडी, कलाकारांचं जेवण, रात्रीचा बंदोबस्त. नेमका त्या रात्री अवकाळी पाऊस आला किंवा दोन कोसांवरच्या गावात दुसरं नाटक लागलं, तर तोटा मंडळाने सोसायचा. नफा उरला तर तोही मंडळाचाच. त्यातून देवळाचा सभामंडप होतो, शाळेला काही घेतलं जातं, पुढच्या वर्षीचा इसार निघतो. कंपनीला गल्ल्याची काळजी नसते आणि गावाला नाटक आपलं वाटतं, कारण त्यात गावाचे पैसे अडकलेले असतात. मुंबईच्या निर्मात्याला प्रत्येक प्रयोगाला प्रेक्षक शोधावा लागतो. आमच्याकडे प्रेक्षकच निर्माता होऊन कंपनीच्या दारात जातो. मला विचाराल तर टिकण्याचं मोठं कारण हेच.

आता आलं कुठून ते. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांतला वैनगंगेच्या दोन्ही अंगांचा जंगलाचा आणि धानाचा पट्टा म्हणजे झाडीपट्टी. इथे आधी दंडार होती, खडी गंमत होती, ही दोन्ही इथली लोकनाट्यं. दंडारीत बाईची भूमिका पुरुषच करायचे, आणि गंमतीत शाहीर आणि नाच्या रात्र काढायचे. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी सुरू केलेल्या मराठी नाटकाचं वारं पुढे इकडेही पोहोचलं. गावातली हौशी पोरं पौराणिक, ऐतिहासिक आणि मग सामाजिक नाटकं बसवू लागली. पण दंडारीची सवय सुटली नाही. रात्रभर बसायचं, मध्ये गाणं हवं, विनोदी माणूस हवाच, हे सगळं तिथून आलेलं आहे. झाडीबोलीचे अभ्यासक डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी इथल्या बोलीवर आणि लोककलांवर आयुष्यभर काम केलं. ज्यांना मुळापर्यंत जायचंय त्यांनी त्यांचं लेखन शोधावं.

आमच्या वडिलांच्या पिढीपर्यंत नाटक गावातलीच माणसं करायची. शाळेचे गुरुजी तालीम घ्यायचे, पडदे आणि कपडे भाड्याने यायचे, पुढे नायिका तेवढी नागपूरहून बोलावली जायची. हळूहळू पडदे भाड्याने देणारे, कलाकार जमवून देणारे आणि पोस्टर छापणारे यांचाच धंदा उभा राहिला, आणि त्यातून पूर्णवेळ कंपन्या झाल्या. वडशात या कंपन्यांना आजही प्रेस म्हणतात. वडसा, म्हणजे देसाईगंज, हेच गाव केंद्र का झालं हे नकाशा पाहिला की कळतं. गाव गडचिरोली जिल्ह्यातलं, पण नदी ओलांडली की चंद्रपूर जिल्ह्यातली ब्रह्मपुरी, वरच्या अंगाला भंडाऱ्याचं लाखांदूर, पलीकडे गोंदियाचं अर्जुनी मोरगाव. चारही जिल्ह्यांतल्या गावांना सोयीचं, आणि शिवाय गोंदिया-चंद्रपूर मार्गावरचं रेल्वे स्टेशन. कलाकार नागपूरचा असो की सिंदेवाहीचा, त्याला इथे पोहोचणं सोपं. हंगामात वडशाच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना कंपन्यांचे फलक लागतात आणि प्रत्येक फलकाखाली कुठल्या ना कुठल्या गावचं मंडळ बसलेलं असतं.

हंगाम धानावर चालतो. भाऊबीज झाली की मंडया, म्हणजे गावोगावच्या जत्रा, सुरू होतात, धान कापून, चुरून घरात येतं, माणसाच्या हातात थोडा पैसा आणि थोडा वेळ असतो. तिथपासून होळीपर्यंत नाटकं. सरकारी केंद्रावर विकलेल्या धानाचे चुकारे लांबले की बुकिंगही थंड पडतं, हे मी माझ्या वहीत पाहिलेलं आहे. पूर्वी अनेक गावांत दिवसा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्री नाटक अशी जोडी असे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी आणली तेव्हा पट थांबले, नाटकं मात्र चालू राहिली. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना परवानगी मिळाली आणि जोडी पुन्हा जमली. करोनाच्या काळात मात्र सगळंच बसलं. कलाकारांना प्रत्येक प्रयोगाची नाईट, म्हणजे त्या रात्रीचं मानधन, मिळते, महिन्याचा पगार नसतो. प्रयोग नाही म्हणजे चूल नाही. त्या दिवसांत रंगमंचावर राजा होणारी माणसं रोजीने कामाला गेली. त्या हंगामात त्यांच्यासाठी जेवढं व्हायला हवं होतं तेवढं झालं नाही, आमच्या गावांकडूनही नाही, याचं मला वाईट वाटतं.

तुमच्या प्रश्नात गर्दीचा उल्लेख आहे, पण ती निव्वळ नाटकासाठी जमते असं समजू नका. आमच्या गावी नाटक आहे म्हणजे घरोघर पाहुणे. सासरी गेलेल्या लेकीला आणायला माणूस जातो, जावयाला वेगळं बोलावणं असतं, "नाटकाले येजा बरं" हे महिनाभर आधीपासून सुरू होतं. पूर्वी बंड्या जुंपून लोक यायचे, आता दुचाकी आणि गाड्या. दुपारी ओसरीत पाहुणे बसले की लग्नाच्या मुला-मुलींचा विषय निघतोच. कितीतरी सोयरिकी नाटकाच्या निमित्ताने जुळलेल्या मी पाहिल्या आहेत. तुटलेलं बोलणंही त्या दिवशी पुन्हा सुरू होतं, कारण भावाच्या गावी नाटक असताना बहिणीने न येणं दोघांनाही बरं दिसत नाही. रात्री उद्घाटनाला आमदार, जिल्हा परिषदेचे सदस्य, सरपंच. भाषणं लांबतात आणि लोक कंटाळतात, तरी धानाचा बोनस, रस्ता, वाघाचा त्रास हे विषय पुढाऱ्यासमोर निघतात ते याच मंचावर.

दहाच्या पुढे पडदा उघडतो आणि शेवट होतो तो पहाटे. शहरातले लोक म्हणतात अभिनय फार भडक. त्यांनी एकदा शामियान्याच्या शेवटच्या रांगेत बसावं. पुढे भारतीय बैठकीत बाया आणि पोरं, मागे खुर्च्या, त्यामागे उभी माणसं. वर टांगलेल्या माइकमधून आवाज सगळ्यांपर्यंत न्यायचा, एकीकडे बाळ रडतंय, एकीकडे चहावाला फिरतोय, आणि तरी आईच्या प्रसंगात अख्खा मांडव गप्प करायचा, हे सोपं काम नाही. त्यात रोज नवीन गाव, कधी रोज वेगळं नाटक. दिवसा प्रवास, झोप गाडीत. प्रॉम्प्टर आणि रंगमंचासमोर बसलेले ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅडवाले यांच्या भरवशावर नट उभा असतो. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीचे परशुराम खुणे यांनी अशी पाच हजारांवर प्रयोगांची मजल गाठली, सगळीकडे लोकांना हसवलं. २०२३ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा आमच्याकडे गावोगाव घरच्या माणसाला मिळाल्यासारखा आनंद होता.

विषय घरगुती असतात. सून-सासू, भावांची वाटणी, हुंडा, कर्जात बुडालेला शेतकरी, दारू. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरात २०१५ ते २०२१ होती, पण घरातली दारू कायद्याने गेली नाही हे बायांना माहीत आहे. दारुड्या नवऱ्याला नायिका सुनावते तेव्हा बायांच्या बाजूने उठणारा आवाज ऐकला की नाटक काय करू शकतं ते समजतं. नवऱ्यासमोर जे बोलता येत नाही, ते तिथे कोणीतरी मोठ्याने बोललेलं असतं.

काळजीची गोष्टही सांगायला हवी. प्रवेशांच्या मध्ये लावण्यांची आणि सिनेमाच्या नाचांची जागा वाढत चालली आहे. काही मंडळं बुकिंग करताना संहितेपेक्षा नर्तिका कोण हे आधी विचारतात. दोष कंपनीचा नाही. रात्र आम्ही विकत घेतो, तेव्हा काय मागायचं ते आम्हीच ठरवतो. आमच्या मंडळात यावर दर वर्षी वाद होतो आणि मी तो मुद्दाम काढतो. कलाकार स्त्रियांची राहण्याची, कपडे बदलण्याची सोयही अजून पुष्कळ गावांत नीट नसते. ती मंडळाने इसार देतानाच लिहून द्यावी, असं माझं म्हणणं आहे.

यायचं असेल तर डिसेंबर किंवा जानेवारीत या. नागपूरहून वडशाला बस मिळते. तिथे उतरून कोणत्याही कंपनीच्या कार्यालयात आज रात्री कुठे नाटक आहे एवढं विचारा, ते गाव आणि वाट दोन्ही सांगतील. तिकीट शामियान्याच्या दारावरच मिळतं. सोबत जाड पांघरूण ठेवा, पहाटे थंडी फार पडते. शक्य असेल तर संध्याकाळीच त्या गावात पोहोचा आणि जेवणासाठी हॉटेल शोधू नका, कोणीतरी घरी नेईलच.