सरकारी शाळांचा समाजाला नेमका उपयोग काय?

ज्याला परवडतं तो मुलाला खासगी शाळेत घालतोच, मग सरकारने शाळांवर खर्च कशाला करायचा, असं तुम्ही विचारलंय. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात सरकारी प्राथमिक शाळांत 31 वर्षं शिकवलं, म्हणून लिहिते.

माझे वडील मुंडकाराचे, म्हणजे भाटकाराच्या (जमीनमालकाच्या) जागेत घर करून राहणाऱ्याच्या घरातले. पोर्तुगीज अमदानीत गावात मराठी शाळा होती, देवळाच्या अग्रशाळेत (भाविकांच्या उतरण्याच्या जागेत) भरायची. मास्तरांचा पगार भाटकारांच्या वर्गणीतून व्हायचा. वडिलांना कुणी अडवलं नव्हतं, पण सकाळी कुळागरात पोफळींना पाणी लावायला जावं लागे, आणि आजोबांकडे वर्गणीला पैसे नव्हते. ते शेवटपर्यंत अंगठाच उठवत राहिले. 1961 त गोवा मुक्त झाला, 1963 त भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि खेडोपाडी प्राथमिक शाळा निघाल्या. आमच्या वाड्यावरही एक आली. तिथे भाटकारांचा नातू माझ्या शेजारी बसायचा. त्यांच्या घरी गेलो की आम्ही अंगणातच थांबायचो. वर्गात मात्र सतरंजी एकच, आणि मला पाढे चांगले यायचे म्हणून गणितं तो मला विचारायचा. सरकारी शाळा कशासाठी, हे मला विचाराल तर त्या सतरंजीसाठी.

गोव्यात साक्षरता वाढली हे तर आहेच. 1961 त ती जेमतेम 31 टक्क्यांच्या आसपास होती, 2011 त 88 च्या वर गेली.

एकदा नोव्हेंबरात कर्नाटकातून आलेल्या मजुराची मुलगी दारात उभी राहिली. जन्मदाखला नाही, मराठीचा एक शब्द नाही. शिक्षण हक्क कायद्याने वयाचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. मी तिला दुसरीत बसवलं. बचत गटाच्या बायका दुपारी पावभाजी आणायच्या, त्या पंगतीत तिला पहिली मैत्रीण मिळाली. शिमग्यापर्यंत ती मराठीतून भांडायला लागली होती!

पालक इंग्रजीसाठी मुलं काढतात, त्यांना मी दोष देत नाही. चार वर्गांना एकच शिक्षक असेल तर कोण ठेवील? पण पट घटला की शाळा दुसरीकडे जोडून टाकतात, त्याचा मला राग येतो. माझी शेवटची शाळा सात मुलांवर बंद झाली. त्यातल्या दोन धनगर भावांना नवी शाळा तीन किलोमीटर पडली, वाट रानातून. पावसात ओहोळ भरला की दोघं घरीच राहत.