मोत्यात दिसणारी खिडकी

प्रश्न : काका, मी घरी मोत्याच्या नथी आणि कुड्या करते, तार चांदीची वापरते. नवा मोबाइल आहे, पांढरा कागद अंथरते, मुद्दाम रिंगलाइटही मागवला. तरी फोटोत मोती पिवळट, चांदी काळपट आणि कागद राखाडी दिसतो. हातात धरली की हीच नथ इतकी गोड दिसते! चुकतंय कुठे?
– एक वाचक भगिनी, सांगली

उत्तर : ताई, आधी तो रिंगलाइट उचलून माळ्यावर टाका. तुम्ही पाठवलेला फोटो मोठा करून पाहिला. नथीत सात मोती आणि सातही मोत्यांत एकेक पांढरं कडं. दिव्यांचं हे कडं चेहऱ्यासाठी काढलेलं आहे. माणसाच्या बुबुळात ते चमकलं तर बरं दिसतं, मोत्यात मात्र छापा मारल्यासारखं वाटतं.

कोल्हापुरात गुजरीजवळ, म्हणजे सराफ बाजाराजवळ, माझा स्टुडिओ होता. फिल्मच्या दिवसांत एका सराफांनी कॅलेंडरसाठी हुपरीचे पैंजण आणि एक चांदीचा करंडा पाठवला. दिवसभर खपून मी फोटो काढले, फिल्म मुंबईला लॅबमध्ये गेली आणि आठवड्याने परत आली. सराफांच्या धाकट्या मुलाने भिंग लावलं आणि म्हणाला, ‘काका, करंड्यात तुम्ही दिसताय की!’ पाहतो तर करंड्याच्या पोटावर मी, माझा लाल चौकड्यांचा शर्ट आणि मागे उघडं दार. पुन्हा सगळं पहिल्यापासून. त्या दिवसापासून दागिन्यांच्या कामाला मी पांढरा सदराच घालत आलो. तुम्हीही फोटो काढताना लाल-गुलाबी साडी नेसू नका. मोत्यांवर तिची झाक येते आणि बिचाऱ्या मोत्यांवर पिवळेपणाचा आळ येतो.

चांदीला स्वतःचं रूप फार थोडं असतं. समोर जे असेल ते ती दाखवते. तुमची चांदी काळपट दिसते, कारण तिच्यासमोर काळा मोबाइल आणि खोलीतला अंधार आहे. तेव्हा दागिना घासत बसू नका, त्याच्यासमोर काय आहे ते बदला.

खिडकीशी टेबल लावा. थेट ऊन नको. उत्तरेची खिडकी उत्तम. आपल्याकडे मे ते जुलै सकाळ-संध्याकाळ तिच्यातूनही तिरकं ऊन शिरतं, तेव्हा काचेला बटरपेपर चिकटवा. खोलीतली ट्यूब आणि बल्ब बंद. हे बहुतेक जण विसरतात. खिडकीचा उजेड निळसर, बल्बचा पिवळा. दोन्ही एकदम पडले की मोत्याची एक बाजू निळी आणि दुसरी हळद लावल्यासारखी येते. फोटो उजळवायचं कुठलंही अॅप ते नीट निस्तरू शकत नाही, कारण एक बाजू सुधारायला जावं तर दुसरी बिघडते.

आता नथीभोवती पांढरं घर बांधायचं. मी पूर्वी गणपतीच्या मखरातला उरलेला थर्माकोल वापरायचो. २०१८च्या बंदीनंतर जाड कार्डशीटवर आलो, त्याने काही अडलं नाही. नथीएवढ्या लहान वस्तूला तर ट्रेसिंग पेपरचा कोन पुरतो. शंकूसारखा गुंडाळा, वरचं टोक लेन्सपुरतं कापा, खालचं तोंड दागिन्यावर ठेवा आणि वरच्या भोकातून फोटो घ्या. सगळीकडून मऊ उजेड आत येतो आणि चांदीला पाहायला पांढऱ्याशिवाय काही उरत नाही.

इथे एक गंमत आहे. सगळंच पांढरं केलं तर चांदी सपाट, ॲल्युमिनियमच्या पत्र्यासारखी दिसते. म्हणून कोनाच्या आत एका बाजूला बोटभर रुंदीची काळ्या कागदाची पट्टी लावा. तारेच्या कडेला बारीक काळी रेघ उमटते आणि तिला गोलाई येते. ही पट्टी केसभर इकडेतिकडे सरकवण्यात माझी अर्धी हयात गेली असेल. तुम्हीही तिच्यावर अर्धा तास घालवा, तो फुकट जाणार नाही.

कागद राखाडी का येतो? समोरचं दृश्य सरासरीने मध्यम राखाडी असावं असं कॅमेरा गृहीत धरतो. सगळं पांढरं दिसलं की ‘उजेड फार झाला’ समजून तो फोटो काळवंडवतो. पडद्यावर मोत्याला बोट लावा, शेजारी सूर्याचं चिन्ह येईल, ते थोडं वर सरकवा. कागद पांढरा दिसेपर्यंतच. मोत्यावरची झळाळी विरायला लागली की एक पाऊल मागे या.

आणि कोनाशिवाय समोरून फोटो घेताना मोबाइल नथीच्या अगदी जवळ नेऊ नका. फार जवळ गेलात की बरेच मोबाइल आपोआप रुंद लेन्सवर उडी मारतात. पुढचा मोती बोराएवढा आणि मागचा राईएवढा येतो, शिवाय मोबाइलची सावली पडते ती वेगळीच. हातभर मागे या आणि दुप्पट झूम करा. मोबाइल पुस्तकांच्या थप्पीला टेकवा आणि दोन सेकंदांचा टायमर लावा, म्हणजे बोटाचा धक्का लागत नाही.

नथ उभी राहत नसेल तर मागून मेणाचा बारीक ठिपका लावा. आमचा जुना उपाय आहे, फोटोत दिसत नाही. काम झाल्यावर पुसायला मात्र विसरू नका. शेवटी मऊ कुंचल्याने धूळ झटका. डोळ्यांना न दिसलेला कापसाचा तंतू पडद्यावर दोरखंडासारखा दिसतो.

प्रश्न : खणाच्या कापडाचे दागिने करते. एका ग्राहकाने कानातले परत पाठवले, ‘फोटोत जांभळे होते, आले ते लालसर’ म्हणून. दुसरीने ‘इतके छोटे असतील असं वाटलं नव्हतं’ म्हणून. माझा काय दोष?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : पहिल्यात दोष खणाचा आहे, आणि तोच त्याचा गुण. खणात उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असतो, त्यातून धूपछाव येते. इकडून पाहिला तर जांभळा, तिकडून पाहिला तर लाल. तुम्ही एकच फोटो टाकलात, तो नेमका जांभळ्या बाजूचा. उजेड तोच ठेवून दागिना जरा वळवा, दोन फोटो द्या आणि खाली लिहा, ‘खण धूपछाव आहे, रंग फिरतो’. लोकांना ते आवडतंच. त्यासाठीच तर खण घेतात. एकाच जोडीतली दोन्ही कानातली मात्र कापडाच्या एकाच दिशेने कापलेली हवीत. नाहीतर फोटोत एक लाल, एक जांभळं येईल, आणि त्याला मीही काही करू शकणार नाही.

दुसऱ्यात दोष तुमचाच, रागावू नका. पांढऱ्या कागदावरच्या एकट्या वस्तूला आकार नसतो. झुमका मोठा की शेंगदाण्याएवढा, कळायचं कसं? पहिला फोटो स्वच्छ पार्श्वभूमीचा असू द्या. ॲमेझॉनवर तर तो शुद्ध पांढऱ्यावरच लागतो आणि वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापावा लागतो. पण दुसरा फोटो कानात घातलेला हवा. घरात कोणी घालायला तयार नसेल तर शेजारी दहाचं नाणं ठेवा. त्याचा व्यास २७ मिलिमीटर आहे आणि ते सगळ्यांच्या ओळखीचं असतं. लांबी-रुंदी आकड्यांत लिहा, वजन ग्रॅममध्ये. कानात घालणारीला वजन फार महत्त्वाचं असतं, हे मला बायकोने सांगितलं. चाळीस वर्षं दागिन्यांचे फोटो काढूनही माझ्या लक्षात आलं नव्हतं.

‘विकलेला माल परत घेणार नाही’ अशी पाटी लावून यातून सुटता येईल असं समजू नका. ई-कॉमर्ससाठीच्या २०२०च्या ग्राहक संरक्षण नियमांनुसार, जाहिरातीत दाखवली तशी वस्तू नसेल तर विक्रेत्याला ती परत घ्यायला नकार देता येत नाही. फोटो हीसुद्धा जाहिरातच. जाता जाता : तुम्ही जर्मन सिल्व्हरचे घुंगरू लावता ना? मग वर्णनात नुसतं ‘सिल्व्हर’ लिहू नका. त्या धातूत चांदी नावालाही नसते. तो तांबं, निकेल आणि जस्ताचा मिश्रधातू. निकेलने काहींच्या कानाला खाजही सुटते.

प्रश्न : नथ घालून मी स्वतःचाच फोटो काढला. तर दोघींनी विचारलं, ‘उजव्या नाकपुडीची नथ का?’ नथ तर डावीकडचीच आहे!
– एक वाचक भगिनी, सोलापूर

उत्तर : सेल्फीचा आरसा. पुढचा कॅमेरा बरेचदा आरशासारखीच उलटी प्रतिमा साठवतो. सेटिंगमध्ये मिररचा पर्याय असतो, तो बंद करा. त्याहून चांगलं म्हणजे मागचा कॅमेरा वापरा आणि मोबाइल लेकीच्या हातात द्या.

प्रश्न : एका अॅपमध्ये ठुशीचा फोटो टाकला की ती घातलेली मॉडेल तयार होऊन मिळते. फुकट आहे. वापरू का?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : मी करून पाहिलं. सात मोत्यांची नथ दिली, चित्रातल्या बाईच्या नाकात नऊ मोत्यांची आली, वर एक माणिक. बाई सुंदर होती. आता ते माणिक ग्राहकाने मागितलं तर कोण देणार, तुम्ही की अॅप? पार्श्वभूमी पुसायला खुशाल वापरा. दागिन्याला मात्र त्याला हात लावू देऊ नका.

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये लीड्सला असते. नोकरी सांभाळून तन्मणी आणि चिंचपेट्या करते. डिसेंबरात इथे पावणेचारलाच सूर्य मावळतो, मग खिडकीचा उजेड आणायचा कुठून?
– एक वाचक भगिनी

उत्तर : शनिवार-रविवारची दुपार धरा, ढगाळ असली तरी चालेल. तुमचं ते कायमचं मळभ दागिन्याला फार मानवतं, आम्हाला इथे त्यासाठी बटरपेपर विकत आणावा लागतो. तेही जमत नसेल तर एकाच कंपनीचे, एकाच पाकिटातले दोन दिवसासारख्या पांढऱ्या उजेडाचे बल्ब घ्या. खोक्यावर ‘सीआरआय’ (रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा) ९० किंवा त्याहून जास्त लिहिलेला पाहा, म्हणजे चिंचपेटीतला हिरवा खडा हिरवाच दिसेल. बल्ब दोन्ही बाजूंना, दोहोंपुढे ट्रेसिंग पेपर, पण बल्बपासून वीतभर लांब. बाकी सगळं सांगलीच्या ताईंना सांगितलं तसंच.

आणि सगळ्यांनाच एक विनंती. मला फोटो पाठवताना व्हॉट्सअॅपवर साधा पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधा पाठवला की तो दाबला जातो, मोत्याची कड मऊ होते, आणि चूक तुमची की व्हॉट्सअॅपची हे मला कळत नाही.