डुकरांचे कान लाल पडलेत, खात नाहीत. औषध द्यावं की विकून टाकावं?

तुमच्या प्रश्नातलं शेवटचं वाक्य वाचलं आणि हातातला घास खाली ठेवला. 12 डुकरं, त्यातल्या दोघांनी दोन दिवस खाण्याला तोंड लावलं नाही, कान लाल, बाकीची भिंतीला अंग घासतात, आणि वर विचारताय की घरच्या घरी औषध सांगा, नाहीतर व्यापारी आलाय, देऊन मोकळा होतो. आधी त्या व्यापाऱ्याला परत पाठवा. मग पुढचं वाचा.

आमच्या सोलापुरात मे महिन्यात जनावराला काहीही होऊ द्या, निदान एकच. ऊन लागलं. आमचे चुलते, त्यांना आम्ही अण्णा म्हणतो, त्यांचं तर वर्षभर हेच निदान. आजोबांपासून घरात डुकरं, त्यामुळं अण्णांना शिकवायला जायची कुणाची हिंमत नाही. आजोबांची मोकाट काळी होती, आमची पांढरी यॉर्कशायर, पत्र्याच्या शेडमधली. एकूण 41.

एका वर्षी अण्णांनी बाजारातून एक नर आणला. देखणा होता, खोटं कशाला बोलू. मी म्हटलं, तीन आठवडे वेगळा बांधू. तर म्हणाले, "वेगळी खोली द्यायला तो काय जावई आहे?" त्याच दिवशी कळपात सोडला.

नवव्या दिवशी दुपारी दोनला मी शेडमध्ये गेलो. पत्र्याला हात लावायची सोय नव्हती. आणि त्या भट्टीत दोन महिन्यांची पिल्लं कोपऱ्यात एकावर एक चढून पडलेली, पौषात पडतात तशी. कुडकुडत होती. अण्णा त्यांच्यावर पाइपनं पाणी मारत होते. मी नळ बंद केला तर ओरडले, "काय करलालास बे? ऊन लागलंय त्यांना!"

ऊन लागलेलं डुक्कर हातपाय पसरून पडतं, तोंड उघडून धापा टाकतं, चिखल शोधतं. 43 अंशांत जे दुसऱ्याच्या अंगाखाली ऊब शोधतं, त्याला आतून ताप भरलेला असतो. हे एवढंच मी गेली काही वर्षं अण्णांना सांगतोय.

दुसऱ्या दिवशी पहाटे थर्मामीटर लावला. दुपारी लावून उपयोग नाही, उन्हानं आकडा चढलेला असतो आणि मग भांडण मिटत नाही. ताप 106 फॅरनहाइटच्या वर होता. निरोगी डुकराचा साधारण 101.5 ते 103.5. डोळे चिपडांनी चिकटलेले, आधी शेळीसारख्या कडक लेंड्या, मग पिवळी घाण हगवण. मागच्या पायांत झोकांड्या. शेवटी कान आणि पोट जांभळं. डॉक्टरांनी मेलेलं पिल्लू फाडून मूत्रपिंड माझ्या हातावर ठेवलं, त्यावर लाल खसखस शिंपडल्यासारखे ठिपके. नमुने पुण्याला औंधच्या प्रयोगशाळेत गेले आणि उत्तर आलं, स्वाइन फिवर. हा विषाणूचा आजार, त्याला औषध नाही. लस मात्र आहे, आणि ती आम्ही टोचलेली नव्हती. 41 पैकी 7 राहिली.

पण मला जे खुपतं ते हे नाही. उत्तर यायच्या आत अण्णांनी तीन आजारी डुकरं पडत्या भावात व्यापाऱ्याला दिली. मी तिथंच उभा होतो, पैसे मीच मोजून घेतले. महिन्याभरात शेजारच्या तालुक्यात एका पोराच्या शेडमधली सगळी डुकरं गेली. आमच्यामुळंच गेली हे सिद्ध होणार नाही. म्हणून तुम्हाला एवढं तोडून सांगतोय.

आता तुमची डुकरं. कान नुसते लाल आहेत की अंगावर, पाठीवर शंकरपाळ्यासारखे चौकोनी, हाताला उंच लागणारे चट्टे आहेत? तसे असतील तर एरिसिपेलास असू शकतो. तो जंतूचा आजार, वेळेत पेनिसिलिन पडलं की एकदोन दिवसांत जनावर उठतं. चट्टे चाचपताना हाताला जखम असेल तर हातमोजे घाला, तो माणसालाही लागतो. काळी डुकरं असतील तर रंगावर जाऊ नका, तळहात फिरवा आणि डोळे बघा. चट्टे नाहीत, ताप चढलाय आणि थरथर आहे, तर स्वाइन फिवर किंवा आफ्रिकन स्वाइन फिवर असू शकतो. हा दुसरा 2020 मध्ये आसाम-अरुणाचलकडून देशात शिरला, त्याला तर इथं लसही नाही. नुसतं बघून दोन्ही वेगळे ओळखतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. हे दोन्ही माणसाला होत नाहीत.

अंग घासणं हा बहुतेक वेगळाच विषय. कानाच्या आत खपल्या दिसल्या की खरूज. आयव्हरमेक्टिन 1 टक्का इंजेक्शन, 33 किलो वजनाला 1 मिली, कातडीखाली, मांसात नाही. 14 दिवसांनी परत, कारण खरजेच्या किड्यांची अंडी पहिल्या डोसात मरत नाहीत. त्यात पोटातले गोल जंतही जातात. बाटलीवर लिहिलेले दिवस भरेपर्यंत कापायला देऊ नका. आजोबा गाडीचं जळकं ऑइल चोळायचे. कातडी भाजते, बाकी काही नाही. पण तापानं पडलेल्या दोघांवर आज आयव्हरमेक्टिन वाया घालवू नका.

त्या दोघांना वेगळं करा, त्यांच्याकडे शेवटी जा, बूट-बादली वेगळी ठेवा. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा, नाहीतर 1962 या जनावरांच्या हेल्पलाइनला फोन लावा. एखादं मेलं तर स्वतः फाडू नका, आमच्याकडं उघड्यावर फाडलं ते चूकच होतं, रक्त सगळीकडं गेलं. खोल खड्डा, वर चुना.

मी डॉक्टर नाही, हे आधी लिहायला हवं होतं. आणि आणखी एक. अण्णांचं म्हणणं असं की आजार नरानं आणला नाही, हॉटेलच्या खरकट्यातून आला. सोलापुरातल्या सात रस्ता चौकाजवळून ड्रम भरून ते खरकटं मीच आणायचो. अर्धा तास खळखळ उकळून घालायचं असतं, मी गॅस वाचवत होतो. तेव्हा तेही असू शकतं. पण ऊन नव्हतं, हे नक्की.

तुम्ही खरकटं घालता का, आणि उद्या पहाटे सहाला दोघांचा ताप किती भरतो, तेवढं खाली लिहा.