बांगांदे कोण हे आपण कोण ठरवणार?

प्रिय मुली,

तुझा बांगिमे भाषेवरचा ड्राफ्ट वाचला, मेहनत दिसते आणि विषय तर फारच छान घेतलायस, पण पहिल्याच पानावर एक वाक्य आहे ते मला इतकं खटकलं की बाकीचं सगळं बाजूला ठेवून आधी त्यावरच लिहितोय. तू म्हणतेस ही भाषा बोलणारे बांगांदे लोक स्वतःला डोगोन, म्हणजे आजूबाजूच्या मोठ्या समाजातले, समजतात पण खरं तर ते डोगोन नाहीत. हे "खरं तर" कुणाचं गं?

पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशातला बांदियागाराचा कडा, दीडेकशे किलोमीटर लांब, १९८९ पासून युनेस्कोच्या यादीत, आणि त्याच्या वायव्य टोकाकडे सात गावं, तिथे काही हजार लोक बांगिमे बोलतात. ही भाषा आजूबाजूच्या कुठल्याच भाषेची नातेवाईक नाही, आणि हे मत पक्क्या कामावर उभं आहे. भाषाशास्त्रज्ञ स्टेफान एल्डर्स त्या भाषेवर काम करत असतानाच २००७ मधे मालीतच वारला, मग अ‍ॅबी हँटगनने ते काम पुढे नेलं, तिथे राहून २०१३ ला पीएचडी केली, आणि २०१८ ला जेफ्री हीथबरोबर त्या भाषेचं पूर्ण व्याकरण आलं. डोगोन भाषांमधे क्रियापदाला प्रत्ययांची रांग लागते, बांगिमेत प्रत्यय अगदी मोजकेच, हा फरक तू नीट मांडलायस, तो भाग तसाच ठेव.

पण यातून सिद्ध काय होतं? भाषा वेगळ्या घराण्यातली आहे, एवढंच. माणसं कोण हे यातून कसं निघेल? आणि तू एक गोष्ट विसरलीस, जी माझ्या मते या सगळ्या विषयाचा गाभा आहे. डोगोन ही मुळात एक भाषाच नाही, वीसेक वेगवेगळ्या भाषा आहेत, आणि कड्याच्या एका टोकाचा डोगोन माणूस दुसऱ्या टोकाच्या माणसाशी आपापल्या भाषेत बोलूच शकत नाही, मधे फुलफुलदे किंवा बांबारा अशी तिसरीच भाषा लागते. म्हणजे तिथे डोगोन असणं हे एक भाषा बोलण्यावर कधी उभंच नव्हतं, मग बांगांदेंनाच भाषेची परीक्षा का द्यायला लावायची? शेजारचे काही डोगोन म्हणतात की हे आपल्यातले नाहीत. तेही लिही, ते पण खरंच आहे, पण ती त्यांच्या आपसातली गोष्ट म्हणून लिही, निकाल म्हणून नको. जनुकीय अभ्यासात बांगांदे आसपासच्या समाजांपेक्षा वेगळे निघाले, तेही घाल, फक्त रक्ताचा रिपोर्ट आला म्हणून ओळख खोडून टाकू नकोस.

आपल्याकडे बुलढाण्यात जळगाव जामोदच्या बाजूला निहाली भाषा आहे, तिलाही कुणी नातेवाईक सापडलेला नाही, आणि बोलणारे कोरकूंच्या शेजारी राहतात म्हणून बाहेरचे त्यांना सरळ कोरकू म्हणून मोकळे होतात. तिथे तू गेलीस तर माणसांना विचारल्याशिवाय एक ओळ लिहिणार नाहीस हे मला माहीत आहे, मग माली लांब आहे म्हणून नियम बदलतो का?

आता दुसरं, आणि हे मी जरा जोरात सांगणार आहे. बांगांदेंचे पूर्वज म्हणजे गुलामांच्या व्यापारातून पळून या कड्याजवळच्या दरीत येऊन राहिलेले लोक असावेत असा एक अंदाज आहे, तू तो ठळक अक्षरात हेडिंग केलायस. अगं, मालीत अजूनही कुणाचे पूर्वज गुलाम होते यावरून लोकांना मारहाण होते, गावातून हाकलतात. अंदाज आहे तर अंदाज म्हणूनच लिही, आत, साध्या वाक्यात. आणि मध्य मालीत गेली कित्येक वर्षं डोगोन आणि फुलानी गटांमधे खून पडतायत, अशा जागी कोण डोगोन आणि कोण नाही हे आपण इथे पुण्यात बसून बेधडक लिहायचं म्हणजे काय ते जरा विचार कर.

त्यापेक्षा मालीच्या २०२३ च्या संविधानावर लिही ना, तुझ्या ड्राफ्टमधे ते नाहीच! फ्रेंचचा राजभाषेचा दर्जा गेला, तेरा राष्ट्रीय भाषा अधिकृत झाल्या, त्यात डोगोनची म्हणून तोरो सो आहे, बांगिमे नाही. म्हणजे बांगांदे स्वतःला डोगोन म्हणतात, आणि सरकार डोगोन म्हणून जी भाषा देतं ती त्यांच्या घरातली नाही. शाळेत मुलाला काय मिळणार, कागदावर काय लिहिणार, हे खरे प्रश्न आहेत, आणि यातून तुझा पूर्ण लेख उभा राहील असं मला मनापासून वाटतं.

"मरणासन्न भाषा" हा शब्दही काढ. बोलणारे थोडे असले म्हणजे भाषा मरतेय असं होत नाही, त्या गावांत मुलं हीच भाषा बोलत मोठी होतात.

हीथ आणि हँटगनचं व्याकरण डेक्कन कॉलेजच्या लायब्ररीत मिळतंय का बघ, नाही मिळालं तर मला कळव. सुरांवरचं, म्हणजे शब्द उंच की खालच्या सुरात उच्चारायचा यावरचं, प्रकरण आधी वाच, तुझ्या उदाहरणांत सुरांच्या खुणाच नाहीत आणि त्या नसतील तर ती उदाहरणं वापरता येणार नाहीत.

तुझा,
सर